आधी आलेले, मागून आलेले

मनुष्य एखाद्या गावचा केव्हा होतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. जन्मला तिथला, असे कोणी म्हणेल. घर बांधले तिथला, असे दुसरा म्हणेल. परंतु कुंभकोणमच्या रस्त्यांवरून हिंडू लागले म्हणजे ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. या गावात आधी आलेल्यांची आणि मागून आलेल्यांची इतकी दाटी आहे की, मूळचा कोण हे विचारण्याचा धीर सहसा कोणास होऊ नये.

आमचेच पाहा. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतले आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, शास्त्री, हरदास कावेरीकाठी उतरले. इथल्या कुळवाड्याने आम्हांस आमंत्रण धाडले होते, असे इतिहास सांगत नाही. 1855 साली राज्य गेले, तरी आम्ही राहिलो, आणि आज स्वतःस या प्रांताचे म्हणवून घेताना आमची जीभ अडखळत नाही. आमचे शेजारी पटणूलकर विणकर. सौराष्ट्रातून देवगिरी, विजयनगर असे मुक्काम करीत आपण इथे आलो, असे त्यांची परंपरा सांगते. त्यांच्या गुजराती वळणाच्या बोलीत मराठी आणि तेलुगू शब्द अजून त्या वाटेची खूण दाखवितात. त्यांच्या मागावरचे रेशीम सर्वांनाच हवे होते. सबब त्यांचे येणे कोणास खुपले नाही. आणि याच गावी 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांत दिवाण झाले. त्यांच्या या फिरतीस आम्ही कर्तृत्व म्हणतो, आणि योग्यच म्हणतो.

मग जो मनुष्य आज डोक्यावर बोचके घेऊन खेड्यातून बसने येतो आणि महामहम तळ्याच्या वाटेवर पेरूची पाटी मांडतो, त्याच्या येण्यास अतिक्रमण हा शब्द कोठून लागला?

तो का येतो, हे नदी जाणते. मेट्टूरचे धरण 1934 साली पुरे झाले, आणि त्याचे दरवाजे दर वर्षी 12 जूनला उघडावेत, म्हणजे खालच्या खोऱ्यात कुरुवै भाताची लावणी वेळेवर होते, असा रिवाज पडला. 2012 ते 2019 या आठ वर्षांत हा दिवस एकदाही साधला नाही. पीक बुडाले तर जमीनमालकास भरपाई मागण्यापुरता तरी कागद असतो. बुडालेल्या लावणीबरोबर मजुराचा जो रोज बुडाला, त्याची नोंद कोणत्या दप्तरात असते? पुढे पाणी आले, पण काही शेतांत लावणीचे यंत्रही आले. तेव्हा तो शहराच्या मोहाने येतो, हे म्हणणे आम्हांस फारसे पटत नाही. मोह ही पोटभर जेवलेल्याची चैन आहे.

हा प्रश्न पुरत्या उघडेपणाने एकदा मुंबईत उभा राहिला. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना हुसकून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्यासह दोन पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. एक सालेमचा भूमिहीन मजूर, दुष्काळामुळे 1961 साली मुंबईस आलेला. दुसरा संगमनेरचा चांभार, गावचे घर कोसळल्यावर 1969 साली आलेला. तमिळ आणि मराठी एकाच अर्जात शेजारी बसले, ही गोष्ट आम्हां कावेरीकाठच्या मराठी माणसांस विशेष वाटते. सालेमच्या मनुष्याची झोपडी पाडून त्यास बायकामुलींसह गावच्या बसमध्ये बसविले होते. तो परत मुंबईस आला. गावी काम असते तर तो परतला असता काय?

1985 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असा निर्वाळा दिला. परंतु पदपथावर घर करण्याचा हक्क कोणासही नाही, असेही त्याच निकालात म्हटले. हा दुसरा भाग कित्येक सहृदय लोक विसरतात. तो विसरण्याजोगा नाही. पदपथ अडला म्हणजे मोटारवाल्याचे काही बिघडत नाही. कडेवर मूल घेऊन चालणारी बाई भर रस्त्यात उतरते. अरुंद जागी गर्दी कोंडली की काय होते, हे या गावाने 1992 च्या महामहमात पाहिले आहे. त्या चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास माणसे गेली.

तरीही आमच्या मनातली टोचणी जात नाही. दर बारा वर्षांनी याच रस्त्यांवर लक्षावधी माणसे येतात, उघड्यावर निजतात, आणि त्यांना पाणी पाजणे हे पुण्य मानले जाते. तंजावरच्या राजांनी वाटसरूंसाठी छत्रे बांधली. दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाड येथे 1802 साली बांधलेले मुक्तांबाळ छत्र आजही उभे आहे. या छत्रांत अन्न मिळे, आजाऱ्यास औषध मिळे. आलेल्याची गरज हाच तिथे त्याचा परवाना होता. पण छत्र होते वाटसरूसाठी. उद्या जाणाऱ्यास आपण हात जोडतो. राहू पाहणाऱ्यास मात्र कागद विचारतो. आमचे पूर्वज राहण्यासाठीच आले होते, आणि त्यांच्या हाती कागदाच्या जागी तलवार होती. गरजेचा हक्क तलवारीच्या हक्काहून हलका ठरवावा, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे, ते आम्हांस आढळले नाही.

2014 च्या कायद्याने निदान एक वाट काढली आहे. आधी विक्रेत्यांची गणना, मग जागांची आखणी. आणि ती आखणाऱ्या नगर समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतून निवडलेले. कुंभकोणम 2021 पासून महानगरपालिका झाले आहे, आणि पुढचे महामहम 2028 साली यावयाचे आहे. त्या दिवशी यात्रेकरूंना फुले, नारळ, विड्याची पाने लागणारच. ती विकणाऱ्या बाईने कोठे बसावे, हे ठरविणारी बैठक पोलिसांचे दोर बांधले जाण्याच्या बरीच आधी व्हावी, आणि तीत तिलाही बोलावणे असावे.