कापसाचं शहाणपण

आदिलाबादच्या एका घरात सुनेने नागपूरहून बोस्टन फर्नची कुंडी आणली आणि बैठकीत दक्षिणेच्या खिडकीत टांगली. सासरे, म्हणजे तिचे मामाजी, जुने कास्तकार, उभा जन्म कापसात गेलेला. कुंडीतलं भुसभुशीत कोकोपीट पाहून त्यांना हसूच आलं. "हा काय भुसा भरून देला? झाडाले माती पाहिजे!" शेतातली काळी कसदार माती त्यांनी कुंडीत दाबून भरली, वर चिमूटभर युरिया.

मे महिन्यात आदिलाबादचा पारा 45 अंशांकडे झेपावतो. काळी माती ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते. कुंडीत तर तिचा दगडच झाला. पानांचे शेंडे करपले. मामाजींनी युरिया वाढवला. पानं गळायला लागली, तरी त्यांचा विश्वास काही ढळेना. अनुभवी माणसाचं हे असंच असतं.

श्रावणात मंडळी नेरडिगोंड्याजवळ कुंतालाचा धबधबा पाहायला गेली. कडम नदी तिथे सुमारे 45 मीटर खाली कोसळते. सगळे पाण्याकडे पाहत होते, सून मात्र कपारींकडे. सावलीतल्या खडकांवर नेचे, म्हणजे फर्नच, लोंबत होते. मामाजींनी एकाच्या बुडाशी बोट घातलं. शेवाळ, कुजका पाला, आणि खाली लगेच खडक. बोटाला माती अशी लागलीच नाही. तुषारांनी त्यांचा सदरा मात्र भिजला होता.

"पाहा नं मामाजी, याले युरिया कोण देते?"

ओलाव्याचं हेच मर्म पूर्वी लंडनमध्येही उमगलं होतं. तिथल्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या अंगणात धुरामुळे नेचे जगत नसत. 1829 च्या सुमारास बंद बाटलीतल्या ओल्या मातीत मात्र एक आपसूक उगवला. मामाजींना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना भिजलेला सदरा पुरला.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच कुंडी उपसली, सडकी मुळं कापली, पालाखत, वाळू आणि कोकोपीट भरलं. कुंडी न्हाणीच्या उत्तरेकडच्या खिडकीत गेली. वरचा थर बोटाला सुकासा लागला तरच पाणी. दिवाळीपर्यंत गुंडाळलेले हिरवे कोंब उलगडू लागले.

मग कुंडीतून बारीक दोरे लोंबायला लागले. "कापसासारख्या गळफांद्या दिसतात," म्हणत मामाजी कात्री घेऊन आले. पण कापण्याआधी त्यांनी एक दोरा उचलून पाहिला. त्याचं टोक खालच्या कुंडीत टेकलं होतं, आणि तिथे मुळं धरून इवलं रोप उभं होतं. कात्री खिशात गेली.

शेजारी रोप मागायला आले, तेव्हा मामाजींनी विचारलं, "तुमची न्हाणी कोणत्या बाजूले हाये?"