लटका रोगी

औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हात बसावयाचा, तर तो कोणाच्या तरी जिवावर बसतो. आणि ज्याच्या जिवावर बसतो, त्याची संमति सहसा कोणी विचारीत नाहीं. पदविकेसाठीं वर्गांतील शिक्षणानंतर ५०० तासांचें प्रत्यक्ष शिक्षण सक्तीचें आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणत्याही औषधाच्या दुकानीं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला, समोरचा मुलगा अजून शिकतो आहे, हें ठाऊकही नसतें.

चूक किती लहान असूं शकते पाहा. आपल्याकडे इन्शुलिनच्या कुप्या मिलिलिटरला ४० एककांच्या मिळतात, तशाच १०० च्याही. दोहोंच्या सिरिंजा निराळ्या. ४० ची लाल झाकणाची, १०० ची नारिंगी. १०० च्या कुपीबरोबर लाल झाकणाची सिरिंज दिली गेली, तर वीस एककें घेणाऱ्याच्या अंगांत पन्नास जातात. रक्तांतील साखर एकाएकी उतरून म्हातारा मनुष्य रात्रीं बेशुद्ध पडतो, आणि शेजारी त्याच्या वयाला दोष देतात.

ही चूक आधीं सोंगांत व्हावी. हल्लीं याला सिम्युलेशन म्हणतात. सोंग हा शब्द कांहीं वाईट नाहीं. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुवैद्यानें एका निरोगी बाईला रोगिणीची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढें बसविलें. औषधशाळेंत मांडलेलें लटकें दुकान आणि मुद्दाम चुकविलेली चिठ्ठी हीं त्याच कल्पनेचीं रूपें. जेथें कोणाला इजा होण्याचें भय नाहीं, तेथें विवेक कसा जागेल, असें कित्येक सज्जन विचारतात. आक्षेप पोकळ नाहीं. पण हें भय शिकविण्यासाठीं जो खरा रोगी पुढें करतो, त्यानें त्या जागीं आपला भाऊ कल्पून पाहावा.

माझी तक्रार निराळी आहे. लटका रोगी फार शहाणा असतो. तो सावकाश बोलतो, सगळें सांगतो, पैसे मोजीत नाहीं. रात्रीं आठ वाजतां डोंबिवली स्टेशनाबाहेर पडणारा मनुष्य थकलेला असतो. दहा गोळ्यांच्या जागीं चारच मागतो. 'एच-१' परिशिष्टांतील प्रतिजैविकें २०१४ पासून चिठ्ठी पाहून, वेगळ्या वहींत नोंद करूनच द्यावयाचीं आहेत. पण ओळखीच्या काकू "अहो, मागच्या वेळीं डॉक्टरांनीं हेंच दिलं होतं" म्हणाल्या, कीं नियम पाठ असणाराही घुटमळतो. नाहीं म्हटलें, तर काकू शेजारच्या दुकानांत जातात, आणि गल्ल्यावरचा मालक मान वर करून पाहतो.

हा मालक लटक्या दुकानांत उभा केलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. त्याच्यादेखत "हें मी देणार नाहीं" असें दहा वेळां म्हणून, त्याचा संताप सोसून, काकूंना न दुखवितां डॉक्टरांकडे परत कसें पाठवावें, याची तालीम व्हावयास हवी. अध्यापकांपैकीं जो सर्वांत कडक असेल, त्याला ती भूमिका द्यावी.