साहेब शाळेत किती वेळ बसतात?

म्हैसूर जिल्ह्यातलं हुणसूर हा तंबाखूच्या शेतीचा मुलूख. गावाजवळून लक्ष्मणतीर्थ नदी वाहते आणि नैऋत्येला नागरहोळेचं जंगल सुरू होतं. महसुली कारभारात हुणसूर हा उपविभाग आहे आणि जंगलाला लागून असलेला हेग्गडदेवनकोटे तालुका त्यातच मोडतो. सगळे त्याला एच. डी. कोटे म्हणतात. कर्नाटकातल्या प्राथमिक शिक्षणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1995 मध्ये इथल्या सरकारी शाळांत सुरू झाला. ‘नली-कली’, म्हणजे आनंदाने शिक.

युनिसेफची मदत होती, पण काम शिक्षकांचं होतं. ते आंध्रातल्या ऋषी व्हॅलीला गेले आणि तिथल्या ग्रामीण शाळा त्यांनी पाहिल्या. एका खोलीत वेगवेगळ्या इयत्तांची मुलं आपापल्या वेगाने शिकत होती. परत आल्यावर कोटेतल्या शिक्षकांनी कन्नड मुलांसाठी स्वतः कार्डं लिहिली, गाणी जुळवली. पाठ्यपुस्तकाच्या जागी शिडी आली. तिची एकेक पायरी ओलांडत मूल पुढे जातं. वार्षिक परीक्षेचा धाक राहिला नाही. भिंतीला खाली, मुलांचा हात पोचेल असे फळे आले.

या भागात शिडीची सोय फार मोलाची. जंगलाकाठच्या हाडींमधली, म्हणजे आदिवासी वस्त्यांमधली जेनु कुरुब कुटुंबं कॉफीच्या तोडणीला कोडगूत जातात आणि मुलंही सोबत जातात. काही आठवड्यांनी ती परततात तेव्हा इतर शाळांत पुस्तक चाळीस पानं पुढे गेलेलं असतं. शिडीवर मात्र मुलाची पायरी त्याची वाट पाहत असते.

लोक कार्डांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते शिक्षण खात्याच्या वागण्याचं. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू देणं ही सरकारी नोकरीत लहान गोष्ट नव्हे. अभ्यासक्रम किती झाला, हा प्रश्न विचारणं अधिकाऱ्यांनी काही काळ थांबवलं आणि शिक्षकांनी काय केलं ते पाहायला ते वर्गात आले. अनिता कौल यांच्यासारख्या सनदी अधिकारी या कामाच्या पाठीशी होत्या. वरचा माणूस पाठीशी आहे हे कळलं की तालुक्याचा माणूस धीर करतो. ही साखळी शेवटच्या शाळेपर्यंत पोचायला लागते, आणि बहुतेक वेळा ती मध्येच कुठेतरी तुटते.

2009-10 पासून नली-कली राज्यभरच्या सरकारी शाळांत गेली. संच छापून आले, प्रशिक्षणं झाली. पण कोटेतल्या शिक्षकाने जे हाताने लिहिलं होतं, ते दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाला पेटीतून मिळालं. ज्याने कार्ड केलं तो फाटल्यावर दुसरं करतो. ज्याला पेटी मिळाली तो मागणीपत्र पाठवतो आणि वाट पाहतो. पद्धत राज्यभर नेता आली, तालुका कचेरी आणि शाळा यांच्यातलं नातं तसं नेता येत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रातही असंच झालं. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक ते पाहायला येत. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि बघता बघता कुमठ्याचं पाहून गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. फरशी रंगवणं सोपं. विस्तार अधिकारी वर्गात मुलांसोबत खाली बसते आणि शिक्षिका तिला न घाबरता ‘हे मला जमत नाही’ म्हणते, हे कुठल्या आदेशाने साधायचं?

हा प्रश्न आजचा नाही. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी तपासणी यंत्रणेला दोष दिला होता. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा, फार तर दोनदा येतो, त्याचा उपयोग नाही. निदान दर तिमाहीला शाळा पाहिली पाहिजे आणि एरवीही न कळवता तिथे गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. जिल्ह्याच्या किंवा गावच्या अंमलदारांवर हे काम सोपवू नका, असंही त्यांनी बजावलं. कारण त्यांच्यामागे इतकी कामं की शाळेकडे जायला सवड होत नाही, आणि गेले तरी पाहणी वरवरची होते.

आज हे वर्णन खुद्द शिक्षण खात्याच्या माणसाला लागू पडतं. कर्नाटकात क्षेत्र शिक्षणाधिकारी, म्हणजे बीईओ, आणि त्यांच्या हाताखाली समूहाचा साधनव्यक्ती, सीआरपी. आपल्याकडे गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि 1994 पासून केंद्रप्रमुख. सीआरपी आणि केंद्रप्रमुख ही पदं निर्माण झाली ती शिक्षकाला वर्गात मदत मिळावी म्हणून. प्रत्यक्षात दूध, अंडी, गणवेश, पोर्टलवरची नोंदणी, आधार जोडणी हे सारं त्यांच्याच गळ्यात पडतं. दूध-अंडी नकोत असं कोण म्हणेल? पण ती मोजायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामाला लावायची मनाई केली. वरून माहिती मागवलीय आणि ती आजच्या आज हवी, हे काम मात्र कुठल्याच कलमात सापडत नाही.

हाडींमधल्या मुलांचा प्रश्न आणखी अवघड. आश्रमशाळा आदिवासी कल्याण खात्याच्या, सरकारी शाळा शिक्षण खात्याच्या, आणि मूल कोडगूला गेलं की जिल्हाच दुसरा. बीईओने मनापासून ठरवलं तरी त्याचा अधिकार तालुक्याच्या वेशीवर संपतो. तोडणीच्या महिन्यांत मूल कुठल्या मळ्यावर आहे हे यंत्रणेत बहुधा एकालाच ठाऊक असतं, त्या वस्तीवरच्या शिक्षकाला. 2001 पासून कर्नाटकात शाळांना पालकांच्या शाळा विकास व देखरेख समित्या, म्हणजे एसडीएमसी, आहेत. तिथले पालक मळ्यावर नेणाऱ्या मुकादमाचं नाव सांगू शकतात. त्यांना विचारायला कुणीतरी संध्याकाळी वस्तीवर थांबायला हवं.

आणि वेळ नाही ही सबब मला पटत नाही. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस शाळा भरली पाहिजे. एखाद्या समूहात 15 शाळा धरल्या तर प्रत्येक शाळेच्या वाट्याला साहेबांचे 13 पूर्ण दिवस येतात. फुल्यांनी निदान चार मागितले होते.