अनकोटच्या जागेत काय बसावे?

मॅक्रो म्हणजे प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम, आणि क्वाझिकोट म्हणजे त्याच्या हातातला साचा. लिस्पमध्ये उलट्या अवतरणचिन्हापुढचा मजकूर जसाच्या तसा राहतो. त्यात जिथे स्वल्पविराम, म्हणजे अनकोट, येतो तिथे मात्र बाहेरून आलेला तुकडा बसतो. तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९४० च्या ‘मॅथेमॅटिकल लॉजिक’ या ग्रंथात ही युक्ती सूत्रांविषयी बोलण्यासाठी वापरली. १९७० च्या दशकात ती लिस्पमध्ये रुळली. लिहायला ती इतकी सुटसुटीत आहे की मूळ प्रश्न नजरेआड होतो. अनकोटच्या जागी नेमके काय बसते? नुसती अक्षरे, वाक्यरचनेचा तुकडा, की आपल्या नावांची मूळ ओळख सोबत घेऊन येणारा तुकडा? भाषेने तिसरे उत्तर गृहीत धरावे आणि ज्याला ते मोडायचे असेल त्याने तसे उघड लिहावे, असे माझे मत आहे.

पहिल्या उत्तराची किंमत सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमध्ये दिसते. ‘क्ष गुणिले क्ष’ असा वर्गाचा मॅक्रो लिहून त्याला २ + ३ दिले, तर २ + ३ × २ + ३ अशी अक्षरे जुळतात आणि २५ ऐवजी ११ हे उत्तर येते. म्हणून सीमध्ये प्रत्येक जागेभोवती कंस घालण्याची शिस्त पाळावी लागते. लिस्पच्या साच्यात अक्षरांऐवजी आधीच बांधलेली यादी बसते, त्यामुळे बेरीज अखंड राहते.

पण रचना शाबूत राहिली म्हणून अर्थही शाबूत राहतो असे नाही. दोन व्हेरिएबल्सच्या किमतींची अदलाबदल करणारा मॅक्रो घ्या. त्याच्या साच्यात ‘टेम्प’ नावाचे तात्पुरते व्हेरिएबल आहे, आणि वापरणाऱ्याच्याही एका व्हेरिएबलचे नाव नेमके तेच आहे. मग आतले ‘टेम्प’ बाहेरच्याला झाकते, अदलाबदल होतच नाही, आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. कॉमन लिस्पमध्ये यावर जेनसिमने नवे, कुणाशीही न जुळणारे नाव बनवून घेतात. हा उपाय अर्धाच आहे: साच्यातून ज्या फंक्शनला हाक मारली आहे त्याच नावाचे स्थानिक फंक्शन वापरणाऱ्याने केले असेल, तर जेनसिमचा उपयोग नाही. १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि ड्यूबा यांनी स्कीमसाठी हायजीनची पद्धत मांडली आणि नावांच्या गोंधळाची जबाबदारी मॅक्रो लिहिणाऱ्याकडून विस्तार करणाऱ्या यंत्रणेकडे वळवली. क्लोजरने मधला मार्ग काढला. तिथे साच्यातल्या साध्या नावाला त्याच्या नेमस्पेसचा पत्ता आपोआप जोडला जातो. असे नाव स्थानिक व्हेरिएबल म्हणून वापरले की एरर येते. मुकी चूक निदान बोलकी होते.

यावर पहिला आक्षेप असा की कधी कधी नाव पकडणे हाच हेतू असतो. पॉल ग्रॅहम यांच्या ‘ऑन लिस्प’मधला अ‍ॅनाफोरिक ‘इफ’ अटीचे उत्तर ‘इट’ या नावाने वापरणाऱ्याच्या हाती मुद्दाम देतो. गरज खरी आहे, पण तिच्यासाठी खास खूण पुरते. इलिक्सरमध्ये साचे मुळात हायजीन पाळतात, आणि बाहेरच्या व्हेरिएबलला हात घालायचा तर तसे स्पष्ट लिहावे लागते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याद्या जोडणे कुणालाही कळते, स्कोपची माहिती वाहणाऱ्या वाक्यरचनेची यंत्रणा मात्र अवघड असते. हे खरे आहे. तरी त्या साधेपणाचे बिल कोण भरतो हे पाहायला हवे. मॅक्रो एकजण लिहितो, वापरतात अनेकजण. चूक घडते ती वापरणाऱ्याच्या कोडमध्ये, आणि साचा तर त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. ज्याला कारण दिसू शकत नाही त्याच्यावर सावधगिरीचे ओझे टाकणारी रचना साधी म्हणता येत नाही.

हायजीनने सगळे प्रश्न मिटत नाहीत. एकच तुकडा साच्यात दोनदा बसवला, तर त्यातले काम दोनदा होईल. तिथे मॅक्रो लिहिणाऱ्यालाच विचार करावा लागतो. पण ती दोनदा केलेली अनकोटची खूण त्याला साच्यात समोर दिसते. नावांची टक्कर साचा लिहिताना दिसूच शकत नाही, म्हणून ती टाळण्याचे काम भाषेचे आहे.