हापशाचा दांडा

मुरुडच्या बचत गटाच्या बैठकीत त्या दिवशी चांगल्या गोष्टीवरूनच भांडण लागलं होतं. गावातून शिकून बाहेर गेलेल्या एका माणसानं आईच्या आठवणीसाठी गटाला चार शिलाई मशीन, दोन कपाटं भरून पुस्तकं आणि एका खोलीचं वर्षाचं भाडं देऊ केलं होतं. दिवसा मुलींनी तिथं शिवण शिकावं आणि संध्याकाळी, ज्यांना लातूरची शिकवणी परवडत नाही अशा पोरांनी अभ्यास करावा, एवढीच त्याची इच्छा होती. खोली कुठं घ्यायची ते मात्र त्यानं बायकांवर सोडलं होतं.

दोन खोल्या बघून झाल्या होत्या. एक बाजारपेठेत, रस्त्यालगत होती. दुसरी गावाच्या कडेला, दलितवस्तीतल्या समाजमंदिराशेजारी.

"बाजारातलीच बरी," बहुतेकींचं म्हणणं पडलं. "चार माणसांच्या नजरेत राहील. आल्यागेल्याला दिसेल. वस्तीतल्या पोरींना कोण अडवतंय? त्यांनी यावं की इकडं."

दाराजवळ एक बाई बसली होती. सोयाबीनच्या काढणीला, तुरीच्या खुरपणीला जाणारी. वस्तीतून बैठकीला ती पहिल्यांदाच आली होती. कुणीतरी तिला विचारलं, "तुला काय वाटतंय गं?" ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं." आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आक्का इतका वेळ गप्प होत्या. साठी ओलांडलेल्या आक्का लग्न होऊन मुरुडला आल्या, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. त्या म्हणाल्या, "खोलीचं नंतर बघू. आधी माझं एक ऐका. हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई."

"माझं माहेर जामखेडकडचं. भूम, खर्डा सोडून पुढं. बहात्तरचा दुष्काळ पडला तवा मी आठ वर्षांची व्हते. गावात आमचा आड. त्याच्या काठावर वस्तीतल्या बायका घागरी घेऊन लांब उभ्या ऱ्हायच्या. आमच्यातली कुणी बाई येईल, तिला दया येईल, ती वरून पाणी वतील, मग त्यांची घागर भरणार. कवाकवा दोन-दोन तास. मी खेळता खेळता ते बघायचे. मला त्यात काई वावगं वाटायचं न्हाई. जग असंच असतं, असं वाटायचं."

त्याच काळात जामखेडला एक डॉक्टर जोडपं येऊन राहिलं होतं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघं ख्रिस्ती, दोघं वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षं काढली. तिथं त्यांच्या ध्यानात आलं की माणूस बरा होऊन घरी जातो आणि तेच गढूळ पाणी, तीच उपासमार त्याला पुन्हा खाटेवर आणते. म्हणून अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 मध्ये जामखेडला जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम मांडलं. सेवा हीच प्रार्थना, अशी त्यांची धारणा होती. लोकांना काय हवं ते विचारलं, तर कुणी औषध मागितलं नाही. लोक म्हणाले, आधी खायला आणि प्यायला द्या.

मग गावोगाव बोअर घेण्याचं काम सुरू झालं. तिथं या जोडप्यानं एक गोष्ट ठरवून केली. पाण्याची जागा बघायची ती दलितवस्तीत.

"आमच्या गावातबी तसंच झालं," आक्का सांगू लागल्या. "यंत्राची गाडी आली ती वस्तीत गेली. पाणी लागलं. हापसा बसला. आमचा आड तर तळाला गेलेला. आई दोन दिवस हट्टानं घरात बसली. तिथं जायचं न्हाई, म्हणाली. तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ पाण्यासाठी रडायला लागला, तवा तिनं माझ्या हातात कळशी दिली. म्हणाली, तू लहान हाईस, तुला कोण काय म्हणणार?

मी गेले. पण हापशाजवळ जायचा धीर हुईना. लांब उभी ऱ्हायले, दोन्ही हातांत कळशी धरून. आमच्या आडावर त्या बायका उभ्या ऱ्हायच्या तशीच. कसं उभं ऱ्हायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. रोज बघितलं व्हतं ना.

हापशावर एक बाई व्हती. आमच्या आईनं किती येळा तिला ताटकळत ठेवलेलं मी बघितलं व्हतं. तिनं मला वळखलं. आता ही तोंड फिरवंल, नायतर दोन शब्द सुनावंल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तरी तिची चूक नव्हती. तिनं काय केलं माहितीय? माझी कळशी घेतली न्हाई, वरून पाणी वतलं न्हाई. बाजूला सरली आन् म्हणाली, 'उभी का, माय? दांडा धर.'

मी दांडा धरला. माझ्यानं तो दाबला जाईना. मग तिनं माझ्या हातावर हात ठिवला. दोघींनी मिळून हापसलं. कळशी भरली."

बैठकीत कुणी बोललं नाही.

"घरी आले तवा आई दारात व्हती. पाणी कुणी भरून दिलं, तिनं विचारलं. मी म्हणाले, कुणी न्हाई, मीच भरलं. दुसऱ्या दिवशी आई सोता गेली. आन् तिथनं पुढं आमच्या आडावर कुणी बाई वाट बघत उभी ऱ्हायलेली मी बघितली न्हाई."

आक्का पाणी प्यायल्या. मग सावकाश म्हणाल्या, "बोअर आमच्या वाड्यापुढं मारला असता तरी पाणी तेच लागलं असतं. तहान भागली असती. पण ती बाई काठावरच उभी ऱ्हायली असती, आन् मीबी मोठी झाल्यावर तिला वरून पाणी वतलं असतं. वर पुण्य केलं म्हणून समाधानानं झोपले असते."

एक तरुण बाई म्हणाली, "आक्का, पण बाजारात ठेवलं तर सगळ्यांना सोपं पडंल ना?"

"तुला 2016 आठवतंय?" आक्कांनी विचारलं. "एप्रिलचं ऊन. मांजरा धरण कोरडं. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला निघाली, ती आपल्या मुरुडवरून गेली. ते पाणी लातूर शहरासाठी व्हतं, त्यांना त्याची गरजच व्हती, माझी तक्रार न्हाई. पण रिकामी घागर घेऊन भरलेल्या वाघिणी जाताना बघणं कसं असतं, ते तुला ठावं हाय. सगळ्यांसाठी हाय म्हणून जी गोष्ट दुसऱ्याच्या दारात ठेवतात, ती काई जणींना जनमभर अशीच डोळ्यांपुढून जाताना दिसती."

मग आक्कांनी जामखेडचं पुढचं सांगितलं. आरोळे दांपत्यानं गावागावातून एकेक बाई निवडायला सांगितली. बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कुणी टाकलेली, कुणी विधवा. त्या बाळंतपण, लसीकरण, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, सगळं शिकल्या. महिला मंडळं निघाली, बायकांनी कर्ज काढून शेळ्या घेतल्या, छोटे धंदे मांडले. शेतकऱ्यांची मंडळं निघाली, झाडं लागली. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं आफ्रिकेतल्या गरीब देशांतून आरोग्याचं काम करणारी माणसं जामखेडला शिकायला येऊ लागली, आणि त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या त्या याच बायका. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. वर लखलखणाऱ्या झुंबराकडे आणि हातातल्या साध्या दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की झुंबर महाग आणि हाताला न येणारं, आपला दिवा साधा, पण तो दुसरा दिवा लावू शकतो.

"ज्यांना आडावर ताटकळत ठेवलं, त्या मास्तरीण झाल्या," आक्का म्हणाल्या. "कारण आल्या दिवशीच त्यांच्या हातात दांडा दिला. आता बोला, खोली कुठं घ्यायची?"

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. खोली समाजमंदिराशेजारची ठरली. किल्ली कुणाकडं द्यायची यावर फार बोलणं झालंच नाही. आक्कांनी ती दाराजवळच्या बाईच्या ओंजळीत ठेवली. ती घाबरली. "मला नगं, माझ्यानं हिशेब व्हायचा न्हाई." आक्का म्हणाल्या, "शिकशील. आमी हावोत."

महिन्याभरात मशीन चालू झाली. वस्तीतल्या सहा मुली फॉल-पिको शिकू लागल्या. संध्याकाळी भिंतीला टेकून पोरं गणितं सोडवू लागली. बाजारपेठेतलं कुणी मात्र आलं नव्हतं.

मग एका दुपारी बाजारातल्या एका दुकानदाराची मुलगी आली. तिला ब्लाऊज शिवायला शिकायचं होतं, आणि चार मशीन एका ठिकाणी गावात दुसरीकडं कुठंच नव्हती. ती उंबऱ्याबाहेर थांबली. कापडाची घडी छातीशी धरून, कुणी बोलावील म्हणून.

आक्का आतच होत्या, बॉबिन भरत. त्यांनी मान वर केली, पण बोलल्या नाहीत. त्यांचं लक्ष किल्लीवाल्या बाईकडं होतं.

ती बाई मशीनवर होती. तिनं पोरीला पाहिलं. क्षणभर तिचे पाय पायडलवर थांबले. मग ती स्टूलवरून उठली, बाजूला सरली आणि म्हणाली, "उभी का, माय? बस. चाक फिरव."

आक्कांच्या हातातला दोरा तुटला. पन्नास वर्षांपूर्वीच्या कळशीचा गारवा त्यांच्या तळहाताला पुन्हा लागला.

बोध: देणाऱ्यानं किती दिलं, ते वहीत राहतं. कुणाच्या दारात ठेवलं, ते माणसात राहतं. वरून ओतलेलं पाणी तहान भागवतं, पण हातात दिलेला दांडा एक दिवस देणाऱ्याच्याही लेकराला पाणी पाजतो.