अंगुळ नेमके कोणाचे?

जुन्या मापांचे कोष्टक पाठ करणे सोपे असते. अडचण येते ती पहिल्या पायरीवर, म्हणजे अंगुळ कोणाच्या बोटाचे, या प्रश्नावर. बौधायनाच्या शुल्बसूत्रात अंगुळ धान्याने सांगितले आहे: अणू नावाच्या बारीक धान्याचे १४ दाणे किंवा ३४ तीळ एकाला एक लावून ठेवले की एक अंगुळ. २४ अंगुळांची अरत्नी, पाच अरत्नींचा म्हणजे १२० अंगुळांचा पुरुष. पण अग्निचयनाची वेदी आखताना दाणे बाजूला राहतात. यजमान हात वर करून उभा राहतो, बोटांच्या टोकापर्यंतची त्याची उंची वेळूच्या काठीवर घेतात, आणि तीच 'पुरुष'. विहिरीची खोली पुरुसांत सांगणाऱ्या मराठी माणसाला हे माप परके नाही.

पहिल्या चयनाची वेदी साडेसात चौरस पुरुष. एका यजमानाचा पुरुष २ मीटर भरला तर ती ३० चौरस मीटर होते, दुसऱ्याचा २.३ मीटर भरला तर जवळजवळ ४०. दोन्ही वेद्या शास्त्रशुद्धच. तिळांवरून रूपांतर करून दोन्ही सारख्या केल्या, तर त्या बाजारात खऱ्या ठरतील, पण यजमानाच्या राहणार नाहीत. विधीला लांबीशी कर्तव्य नाही. कर्ता आणि वेदी यांच्यातल्या प्रमाणाशी आहे.

मूर्तिशास्त्रातही हेच. नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. पण इथले अंगुळ मूर्तीच्याच उंचीचा १०८वा भाग. म्हणून देव्हाऱ्यातली वीतभर मूर्ती आणि गाभाऱ्यातली माणसाहून उंच मूर्ती, दोन्ही १०८ अंगुळांच्याच.

जैन ग्रंथकारांनी ही संदिग्धता उघडपणे मान्य केली, आणि हे त्यांचे मोठेच शहाणपण. त्यांनी अंगुळे तीन मानली. ज्या त्या काळच्या माणसांचे आत्मांगुल घर-विहिरींसाठी. यवावरून ठरवलेले उत्सेधांगुल जीवांच्या देहाची उंची सांगण्यासाठी. आणि द्वीप-समुद्र मोजण्यासाठी प्रमाणांगुल, जे दिगंबर परंपरेत उत्सेधांगुलाच्या ५०० पट आहे. आकडा सांगण्याआधी अंगुळ कोणते ते सांगणे भाग पडते.

ज्योतिषात मात्र प्रमाणावर भागत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) आठ यवांचे अंगुळ, २४ अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश आणि चार क्रोशांचे योजन, म्हणजे योजनाचे ८००० दंड. आर्यभटाचे योजनही ८००० नरांचे, आणि नर चार हातांचा. कागदावर दोन्ही योजने एकच. तरी पृथ्वीचा व्यास आर्यभटाकडे १०५० योजने, तर भास्कराचार्यांकडे १५८१ पूर्णांक १/२४. मधल्या काळात पृथ्वी काही दीडपट फुगली नाही. दोघांनी तीच पृथ्वी जवळपास सारखीच अजमावली असे धरले, तर भास्कराचार्यांचे योजन आर्यभटाच्या दोन तृतीयांश ठरते. आणि ८०००चा हिशेब कायम ठेवायचा तर अंगुळही तेवढेच आखूड मानावे लागते.