व्हिसाचा अर्ज आणि आपला ‘होय’



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:१७-३७) प्रभू येशू आपल्याला शपथा वाहण्यापासून परावृत्त करतो. ज्याचा होकार आणि नकार खरा असतो, त्याला शपथेची गरजच पडत नाही.

आपल्या धर्मग्रामातील अनेक तरुण-तरुणी परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. कुणाच्या वडिलांनी घर गहाण ठेवले आहे, कुणाच्या आईने दागिने मोडले आहेत. अशा वेळी अर्जात प्रश्न येतो : यापूर्वी तुम्हाला व्हिसा नाकारला होता का? एजंट म्हणतो, ‘नाही’ लिहा, कोण बघतो?

बघतात. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे देश अशी माहिती एकमेकांना देतात. खोटेपणा सिद्ध झाल्यास कॅनडात पाच वर्षे, इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत, तर अमेरिकेत कायमची बंदी येऊ शकते. उलट, पूर्वीचा नकार प्रामाणिकपणे लिहिला म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही. अमेरिकेचा डीएस-१६० अर्ज दुसऱ्याने भरून दिला, तरी त्याचे नाव नमूद करावे लागते आणि सही अर्जदारानेच करायची असते. एजंट पैसे घेतो. जबाबदारी घेत नाही.

नाव व जन्मतारीख पासपोर्टवर आहे तशीच लिहा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यात स्पेलिंग वेगळे असेल, तर वेळेत कार्यालयात या. योग्य कागदपत्रे पाहून, नियमांनुसार करता येईल ती दुरुस्ती करू. मात्र ‘फादर, तारीख तेवढी बदलून द्या’ अशी विनंती कृपया करू नका. ती नोंदवही ख्रिस्तसभेची साक्ष आहे. तिच्यात खाडाखोड करण्याचा मला अधिकार नाही.

संत मत्तयने येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा राहाब वेश्येचे नाव गाळले नाही. दाविदाचे पाप आठवून देणारी उरीयाची पत्नीही त्याने वगळली नाही. तारणाच्या इतिहासातही अडचणीचा रकाना कोरा सोडलेला नाही. देव आपल्या खऱ्या कहाणीतूनच काम करतो.

खरे लिहूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो. कर्ज काढलेल्या बापाला हे सांगणे सोपे नाही. पण खोट्याने मिळालेला व्हिसा घेऊन गेलेला मुलगा ते खोटे सामानासारखे बरोबर नेतो. मुदतवाढ, कायम वास्तव्य, नागरिकत्व, प्रत्येक वेळी तोच प्रश्न आणि पुन्हा तेच खोटे. असा माणूस परदेशात पोहोचतो, पण निर्धास्त झोपत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ स्वतः वाचा. इंग्रजी समजत नसेल, तर जाणकाराकडून समजून घ्या. अर्जाची प्रत जवळ ठेवा. मग क्षणभर प्रार्थना करा आणि सही करा.

जाणाऱ्यांना आणि वाट पाहणाऱ्या आईवडिलांना प्रभू आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू